जपानी गायिका उताडा हिकारू अमेरिकेत का चालल्या नाहीत? दोन भाषांत वाढलेल्यांना एकही भाषा धड येत नाही, हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो वाचून राहवलं नाही. साफ खोटं आहे. ज्यांनी स्वतः एका भाषेबाहेर कधी पाऊल टाकलं नाही, तेच हे वाक्य छातीठोकपणे म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

आता उताडा. आई फुजी केइको, १९७०च्या सुमारास जपानने अक्षरशः डोक्यावर घेतलेली एन्का (जुन्या वळणाची जपानी भावगीतं) गायिका. वडील संगीतनिर्माते. हिकारू यांचा जन्म १९८३चा, न्यूयॉर्कमधला, आणि बालपण न्यूयॉर्क-टोकियो ये-जा करण्यात गेलेलं. त्यांनी पहिला एकल अल्बम 'क्युबिक यू' हे टोपणनाव घेऊन केला आणि तो चक्क इंग्रजीत होता, हे भल्याभल्या चाहत्यांना ठाऊक नसतं. डिसेंबर १९९८ मध्ये 'ऑटोमॅटिक' हे जपानी गाणं आलं, मार्च १९९९ मध्ये 'फर्स्ट लव्ह' हा अल्बम. वय वर्षं सोळा. जपानात त्याच्या ७६ लाखांहून जास्त प्रती खपल्या. तिथला आजवरचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच.

'ऑटोमॅटिक'ची पहिली ओळ कान देऊन ऐका. फोनच्या सातव्या घंटेचा उल्लेख आहे. त्यातल्या 'नानाकाइमे' (सातव्यांदा) या शब्दातला पहिला 'ना' सुटा टाकलाय, क्षणभर थांबून उरलेला शब्द पुढच्या ठेक्यावर घेतलाय. लगेच पुढे 'बेरु' (घंटा) या शब्दाचेही तसेच दोन तुकडे. बोलताना कुठलाही जपानी माणूस तिथे तोडणार नाही. पण आर अँड बी या अमेरिकन संगीतप्रकाराचा ठेका ज्याच्या कानात लहानपणापासून मुरलाय, त्याला जपानी शब्द असेच ऐकू येणार. एकाच भाषेत वाढलेल्या कुणाला हे सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण हीच गोष्ट माझ्या घरात झालीय. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. मुलगी इथल्या वॉर्डाच्या साध्या शाळेत शिकली, म्हणजे दिवसभर जपानी आणि घरी मराठी. ती दुसरीत असताना ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याला गेलो होतो आणि थोरल्या जाऊबाईंच्या सुनेची मंगळागौर होती. आरती, जेवणं आटोपली आणि जागरण रंगलं. झिम्मा सुरू झाला तशी ही पोर मध्ये घुसली. बायकांची गाणी हिला पाठ नव्हती. मग हिने काय केलं, तर शाळेत मधल्या सुट्टीत खेळतात त्या टाळ्यांच्या खेळाचे जपानी शब्द झिम्म्याच्या टाळीवर बसवले. शब्द कमी पडला की ओढून धरायची, जास्त झाला की दोन टाळ्यांच्या मधे कोंबायची. आणि दर ओळीच्या शेवटी बायकांबरोबर मराठी पालुपद, अगदी समेवर. सासूबाई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या, त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. नऊवारीतल्या बायका हसून लोटपोट, पण ठेका कुणी सोडला नाही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून भाऊजींचा आवाज आला, "एक ना धड, भाराभर चिंध्या! हिला ना मराठी येणार, ना जपानी." सगळ्यांना ऐकू जाईल असं. थोरले दीर, सुनेचं पहिलं कार्य, मी गप्प बसले. पण पुढे प्रत्येक फोनवर तेच. "घरात मराठी बंद करा, पोर मागे पडेल." मराठी माणूस मला मराठी बंद करायला सांगत होता! मी केली नाही.

बरं, हे फक्त आपल्याकडे आहे असं नाही. परदेशात वाढून परतलेल्या मुलांना जपानात 'किकोकु-शिजो' म्हणतात आणि त्यांच्याकडेही लोक जरा तिरकेच बघतात. कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं, चुकली की लगेच शिक्का बसतो.

तर अमेरिका. तिथे 'उताडा' एवढ्याच नावाने २००४ मध्ये 'एक्सोडस' आला. टिंबालँडसारखा त्या वेळचा बडा निर्माता सोबत होता. बिलबोर्ड मासिकाच्या २०० लोकप्रिय अल्बमांच्या अमेरिकन यादीत तो १६०व्या जागेपर्यंत पोचला. जपानात तोच इंग्रजी अल्बम पहिल्या क्रमांकावर होता. २००९ मध्ये 'धिस इज द वन' ६९व्या जागेपर्यंत गेला. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या माणसाचं इंग्रजी कच्चं होतं, असं कोण म्हणेल? माझ्या मते घोळ वेगळाच होता. जपानसाठी एक उताडा, अमेरिकेसाठी दुसरी, नाव वेगळं, गाणी वेगळी. एका अंगात दोन भाषा असलेल्या माणसाला बाजारासाठी अर्धं-अर्धं कापलं, आणि अमेरिकेच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या भागात तिथल्या श्रोत्याला नवं काही दिसलं नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेतली बरीच पोरं त्यांना ओळखायची ती 'किंगडम हार्ट्स' या व्हिडिओ गेममुळे. त्यात जपानी 'हिकारी' आणि इंग्रजी 'सिंपल अँड क्लीन' यांची चाल एकच, पण बोल दोन्हीकडे स्वतंत्र लिहिलेले.

२०१० संपता संपता त्यांनी काम थांबवलं. २०१३ मध्ये आई गेली. २०१६ मध्ये त्या दुःखातून आलेलं 'हानाताबा ओ किमि नि' हे गाणं एनएचके या जपानच्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीच्या सकाळच्या मालिकेला होतं. रोज सकाळी आठला घराघरांत वाजायचं, आणि मुलीचा डबा भरताना मी हातातलं काम थांबवून ऐकायचे. मग जानेवारी २०२२ मध्ये 'बॅड मोड' आला, जपानी आणि इंग्रजी एकाच अल्बममध्ये, काही ठिकाणी एकाच गाण्यात. त्याच एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला या मोठ्या संगीत महोत्सवाच्या मंचावर त्यांनी जपानी गाणीही गायली आणि अमेरिकन गर्दीने उचलून धरली. माझ्यासाठी वाद तिथेच मिटला. (२०२१ मध्ये त्यांनी आपण नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारे, असल्याचं जाहीर केलंय, म्हणून प्रश्नात 'गायिका' असलं तरी मी तो शब्द त्यांच्यासाठी टाळलाय.)

हेही सांगायला हवं की उताडांच्या घरातच स्टुडिओचं वातावरण होतं, पुढे टोकियोतली अमेरिकन शाळा मिळाली. सगळ्यांना ते मिळत नाही. आणि दुसरी भाषा आपोआप टिकत नाही. माझ्या मुलीला मराठी वाचायला अजून वेळ लागतो, जोडाक्षरांवर अडते, त्यासाठी रोज बसवावं लागतं. बोलणं फुकट येतं, वाचणं नाही.

पण यंदा तिच्या शाळेच्या बुंकासाईत, म्हणजे वार्षिक महोत्सवात, तिने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. कडवी जपानी, पालुपद मराठी, आणि वर्गातल्या मुलींना तिने झिम्म्याची टाळी शिकवली होती. मी व्हिडिओ साताऱ्याच्या ग्रुपवर टाकला. भाऊजींचा नातू आता जर्मनीत बालवाडीत जातो. त्यांनी मला फोन करून विचारलं, त्याच्याशी घरात काय बोलायचं? मी म्हटलं, मराठीच बोलायची, जर्मन शाळा शिकवेल, आणि त्याने मिसळली तर ओरडायचं नाही.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचा मुलगा बंगळुरूत कन्नड, इंग्रजी आणि मराठी मिसळून गाणी रचतो. त्याला "आधी एक भाषा नक्की कर" असं सांगू नका. 'फर्स्ट लव्ह' ऐकवा, मग थेट 'बॅड मोड' ऐकवा. 'एक्सोडस' नंतर ऐकला तरी चालेल. आणि त्याला मराठी वाचायला मात्र आजपासून बसवा.