३२ डीपीचा गिअर ०.८ मॉड्यूलमध्ये कापून घेतलाय, म्हणून जाम होतोय

तुमची पोस्ट दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली आणि दुखणं ओळखीचं निघालं. नेमप्लेट उडालेला इंग्लिश बनावटीचा टेलिप्रिंटर (तारेवरून आलेला मजकूर छापणारं यंत्र), मोटरवर २० दात्यांचं स्टीलचं पिनियन, म्हणजे छोटा गिअर, त्यावर चालणारा ४० दात्यांचा तपकिरी फायबर गिअर, बाहेरचा व्यास ३३.३ मिमी. सोलापूरच्या अक्कलकोट रोडला मिस्त्रीकडून दोनदा नवा कापून घेतला. पहिला जाम झाला, दुसरा मोटरखाली पॅकिंग सारल्यावर फिरला, पण घुंई घुंई आवाज थांबत नाही. याच खड्ड्यात मीही पडलोय. मला महाग गिअर पडला नाही, पिनियन पडलं. तेव्हा आधी मशीन बंद करा, मग पुढचं वाचा.

मोटर, वायरिंग, साफसफाई तुम्हाला येतंय असं धरून चालतो.

मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं मिलिमीटरमधलं माप, काढायला मिस्त्रीनं हिशेब केला तो असा: दाते ४० अधिक २, म्हणजे ४२. ३३.३ भागिले ४२, आलं ०.७९. तो म्हणाला, ‘०.८ मॉड्यूल आहे, झिजून कमी झालाय.’ इथंच गाडी घसरली. दाता कुशीवर झिजतो, डोक्यावर नाही. धडधाकट गिअरचा बाहेरचा व्यास झिजेनं कमी होत नसतो. जुन्या इंग्लिश आणि अमेरिकन यंत्रांत मॉड्यूल नसतो, डीपी (डायमेट्रल पिच) असतो, म्हणजे दात्यांच्या मध्यावरून धरलेल्या व्यासाच्या दर इंचामागे किती दाते. २५.४ भागिले ३२ केलं की ०.७९४ येतं, आणि त्याला ४२ नं गुणलं की ३३.३४. तुमचं माप बरोबर तिथंच बसतंय. ०.८ मॉड्यूलचा गिअर ३३.६ चा होतो. हातात धरून फरक कळत नाही, म्हणूनच तो घातकी.

आता जाम का होतो ते बघा. मूळ जोडीत दोन शाफ्टमधलं अंतर २३.८१ मिमी. ०.८ चा गिअर जुन्या पिनियनला लावला तर त्याला साधारण २३.९४ लागतं. एवढ्या बारीक दात्यांत ०.१३ मिमीनं सगळा प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, संपतो. पॅकिंग घालून ते अंतर मिळालं, गिअर फिरला, पण एका दात्यापासून पुढच्या दात्याचं अंतर कसं जुळणार? पिनियनवर २.४९ मिमी, गिअरवर २.५१. प्रत्येक दाता आधी कडेनं टेकतो, मग सरकतो. घुंई घुंई तीच.

आणि इथं मऊ फायबर स्टीलला खातो, हे पटकन पटत नाही. आपल्याकडची धूळ फायबरमध्ये रुतून बसते आणि तो गिअर पॉलिश पेपरसारखा पिनियनवर घासत राहतो. पिनियनच्या दात्यावरून नख फिरवून बघा. मधे पायरी लागली तर नुकसान सुरू झालंय. नसेल लागत तर वेळेत थांबलात.

मापात अजून एक गोष्ट राहते, प्रेशर अँगल, म्हणजे दात्याच्या कुशीचा तिरकेपणा. तो १४.५ अंश असू शकतो किंवा २०. डोळ्यानं ठरवू नका. जुन्या गिअरची पिनियनला न लागलेली कड शोधा (बहुधा गिअर पिनियनपेक्षा रुंद असतो, कडेला पट्टी कोरी राहते) आणि तिथं बाहेरून आधी ३ दाते पकडून माप घ्या, मग ५ दाते. दोन मापांची वजाबाकी ४.८३ आली तर ३२ डीपी, १४.५ अंश. ४.६९ आली तर ३२ डीपी, २० अंश. ४.७२ आली तर मिस्त्री बरोबर आणि मी खोटा. शेवटच्या दोन्हींत फरक फक्त ०.०३-०.०४ मिमीचा, म्हणून व्हर्नियर चार वेळा लावा, जमलं तर चपट्या तोंडाचा मायक्रोमीटर मागून आणा.

कटर ३२ डीपीचाच लागेल. ४० दात्यांना डीपीच्या सेटमधला ३ नंबर (३५ ते ५४ दाते). मॉड्यूलच्या सेटमध्ये नंबर बहुधा उलटे चालतात, त्यात तेवढ्याच दात्यांना ६ नंबर. दुकानात नुसतं ‘तीन नंबर द्या’ म्हणालात तर घोटाळा पक्का. खोली सुमारे १.७१ मिमी, पण कटरवर कोरलेली असेल तर तीच धरा. इंडेक्सिंगची, म्हणजे गिअर एकेक दाता मोजून फिरवायची, कटकट नाही. नेहमीचं ४० ला १ चं डिव्हायडिंग हेड असेल तर एका दात्याला हँडलचा बरोबर एक फेरा.

यंत्रमागाच्या कामाला सरावलेल्या मिस्त्रीला हे काम देताना समोर उभे राहा. त्यांचा हात जाड दात्यांवर बसलेला असतो, आणि ‘मजबूत करून देतो’ म्हणत ते पितळेचा किंवा स्टीलचा गिअर कापून देतात. तसा घेऊ नका. आत काही अडकलं की आधी फायबरचा दाता तुटावा, पुढची यंत्रणा वाचावी, म्हणूनच तो फायबरचा ठेवलेला असतो. नायलॉनही माझ्या मते नको. हवेतला ओलावा पिऊन तो फुगतो. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना मोकळा फिरणारा गिअर श्रावणात घट्ट होतो. कापडी हायलम (राळेत दाबलेल्या थरांची कडक शीट) घ्या, कागदी नको. शीटमधूनच चकती काढा, म्हणजे कापडाचे थर गिअरच्या तोंडाला समांतर राहतात. कापताना मागे भंगार हायलमचा तुकडा लावा, नाहीतर शेवटच्या कडेला दात्यांचे धागे निघतात. पाणी-तेल न लावता कापा, नाकाला फडकं बांधा, ती पूड वाईट. जुना धातूचा हब टाकू नका, रिव्हेट काढून त्यावरच नवी चकती बसवा आणि डायल (डुलणं मोजायचं घड्याळ) लावून बघा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर पुन्हा बसवा.

ड्रॉइंगसाठी सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या असतील तर झिजवा, पण आशा ठेवू नका. एका ठिकाणी या टेबलावरून त्या टेबलावर फिरवून शेवटी ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढंच लिहून मिळालं. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद, त्यामुळे विचारणाराच वेडा ठरतो. उद्या कधी चेन्नईच्या हिंदुस्तान टेलिप्रिंटर्सचं यंत्र हाती आलं तर ते इटलीच्या ऑलिव्हेत्तीच्या सहकार्यातलं घराणं, तिथं मॉड्यूल असण्याची शक्यता जास्त. तरी मोजूनच घ्या.

नवा गिअर बसला की मोटरखालचं पॅकिंग काढा. मग ५० बॉडवर (बॉड म्हणजे तारेवरच्या खुणांचा सेकंदाचा वेग) ‘आरवायआरवाय’ ही चाचणीची अक्षरं सोडून बघा. मिनिटाला ४०० अक्षरं छापली म्हणून वेग बरोबर, असं समजू नका. रिसीव्हर प्रत्येक अक्षरानंतर थांबून पुढच्या स्टार्टची वाट बघतो, त्यामुळे मोटर थोडी जोरात असली तरी मोजणी तेवढीच भरते. रेंजची पट्टी (यंत्र खूण कोणत्या क्षणी वाचतं ते पुढेमागे करणारी) असेल तर तिचा काटा दोन्ही टोकांना, अक्षरं चुकायला लागेपर्यंत सरकवा. दोन खुणा करा आणि मधोमध ठेवा. मधली जागा अरुंद निघाली किंवा एका बाजूला झुकली तर आधी गव्हर्नर (मोटरचा वेग कायम ठेवणारा भाग) बघा, गिअरला पुन्हा हात लावू नका.