बँडसॉच्या चाकाचं रबर गेलं: नवं कुठलं घ्यावं, कसं बसवावं, कसं टिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 14 इंची बँडसॉच्या, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टा-करवतीच्या, वरच्या चाकाचं रबर तडकून एका जागी सुटलंय, करवतीचा दातेरी पट्टा सारखा पुढे सरकतो. दुकानदार म्हणतो पॉलियुरेथेनचा (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचा) टायर घ्या, मिस्त्री म्हणतो सायकलची ट्यूब कापून चढवा. तुम्ही ग्वाल्हेरचे, मी बडोद्याचा. माझ्या वर्कशॉपात संखेड्याच्या खरादी (लेथवर लाकूड कातणाऱ्या) कारागिरांसाठी सागाचे ठोकळे फाडायचं काम चालतं, त्यामुळे या रबराशी माझी गाठ रोजचीच.

दोघांपैकी कोणाचंही ऐकण्याआधी चाक मोजा. टायर कशाचा आहे यापेक्षा तो चाकाच्या मापाचा आहे का आणि सगळीकडे सारखा ताणून बसलाय का, यावर मशीन कसं चालणार ते ठरतं. चांगला महागडा टायर वाकडातिकडा बसवून मशीनला दोष देणारे पुष्कळ आहेत.

टायर नुसता आवाज कमी करायला नसतो. पट्ट्याचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वळवलेले असतात. ते उघड्या लोखंडावर दाबले गेले तर वळण बिघडतं आणि काप एका बाजूला ओढला जातो. टायर पट्ट्याला पकडून ठेवतो, आणि त्याचा मधला भाग किंचित फुगीर असेल तर पट्टा आपोआप त्या उंच भागाकडे चढतो. जुन्या गिरण्यांमधल्या सपाट पट्ट्याच्या पुल्या मध्ये फुगीर असत, त्या याच कारणासाठी. तुमचा पट्टा सरकतोय कारण रबर झिजून ही फुगीर रेघ पुसली गेली आहे, शिवाय सुटलेल्या जागी चाक एकसारखं गोल उरलेलं नाही.

आता माप. प्लग काढा, पट्टा उतरवा, जुनं रबर कापून टाका आणि उघड्या धातूवरून मोजा. मशीनवरच्या पाटीवर विसंबू नका. 14 इंच म्हणजे 355.6 मिमी, पण 350 मिमीचं चाकही बाजारात ‘14 इंची’ म्हणूनच विकलं जातं. व्यासात साडेपाच मिमीचा फरक म्हणजे घेरात सतरा-साडेसतरा मिमीचा. मोठ्या चाकाचा टायर लहान चाकावर सैल बसतो, फिरताना सरकतो, आणि मग लोक गोंदाला शिव्या देतात. काठाची रुंदी मोजा, काठाला दोन्ही बाजूंनी ओठ, म्हणजे टायरला अडवणाऱ्या उंच कडा, आहेत का बघा, जुन्या रबराची जाडी न झिजलेल्या कडेपाशी मोजा. या आकाराच्या मशीनवर बहुतेक वेळा रुंदी 1 इंच आणि जाडी 1/8 इंच निघते, तरी तुमच्या चाकावर काय निघतं तेच धरा. टायर मुद्दाम चाकापेक्षा लहान बनवतात, म्हणून विकत घेताना टायरचा घेर विचारू नका, चाकाचा व्यास सांगा.

एक माप बहुतेक जण घेतच नाहीत. उघड्या चाकाच्या काठावर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवा आणि उजेडासमोर धरा. पट्टी मध्ये टेकून दोन्ही कडांना फट दिसली, तर फुगीरपणा धातूतच आहे. अशा चाकावर सपाट पॉलियुरेथेनचा टायर बेशक घ्या, तो ताणला की चाकाचाच आकार घेतो. काठाला ओठ असतील तर गोंदही लागत नाही. सागाचा तेलकट भुसा आणि राळ त्याला कमी चिकटतात, आणि रबर जसं उन्हाळ्यात कडक होऊन तडकतं तसा तो लवकर तडकत नाही. पत्र्याच्या शेडखाली काम असेल तर ही बाब मोठी आहे. फट दिसली नाही, म्हणजे चाक सपाट असलं, तर मी रबरच घेईन. ते चिकटवून मग पॉलिश पेपरने घासून मध्ये फुगीर करता येतं. पॉलियुरेथेन घासताना तापतं आणि चिकट होतं, त्याला हवा तसा आकार देणं कष्टाचं काम आहे. मात्र काही मोठी मशीनं मुद्दाम सपाट चाकांची असतात, त्यांत पट्ट्याचे दात टायरच्या पुढच्या कडेबाहेर ठेवून चालवतात. मशीनच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असेल तर फुगीर करायला जाऊ नका.

सायकलच्या ट्यूबबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. ट्यूब पातळ असते, तिला सांधा असतो, आणि ताणल्यावर जाडी जागोजागी वेगळी होते. चाक मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर तो सांधा पट्ट्याखालून सेकंदाला तेरा वेळा जातो. एवढे ठोके पट्ट्याच्या जोडाने का म्हणून सोसायचे? अडल्या वेळी काम भागवायला कोणी लावली तर समजू शकतो, पण तिच्यावर रुंद पट्टा ताणून जाड लाकूड फाडू नये.

बसवण्याचं काम घाईचं नाही. चाक मशीनवरून काढून टेबलावर घ्या. काही मशीनवर एका चाकाच्या नटाला उलटे आटे असतात, म्हणून नट हलत नसेल तर पान्यावर जोर देण्याआधी आटे बघा. जुना गोंद खरवडून काढा, थिनरने पुसा. बिडाच्या चाकाला रबराखाली गंज चढतो आणि तोच रबराला जागोजागी वर उचलतो. बारीक एमरीने तो साफ घासा आणि त्याच दिवशी टायर बसवा, पावसाळ्यात तर नक्कीच. पॉलियुरेथेनचा टायर दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा. पाणी हाताला सोसणार नाही इतकं गरम असावं, उकळतं नको. मग तो पुसून कोरडा करा, एका जागी शिकंज्याने चाकाला धरा आणि तिथून दोन्ही बाजूंनी थोडा थोडा चढवत जा. शेवटचा भाग एकट्याला जड जातो, दुसऱ्याचा हात असावा. स्क्रूड्रायव्हरची धार वापरू नका, गुळगुळीत गोल दांडा वापरा.

टायर चढला की काम झालं असं समजून लोक थांबतात, आणि खरी चूक तिथेच होते. चढवताना टायर कुठे जास्त ताणला जातो, कुठे कमी. जास्त ताणलेल्या जागी तो पातळ होतो आणि चाक गोल राहत नाही. म्हणून तोच गोल दांडा टायर आणि चाक यांच्यामध्ये घाला आणि पूर्ण चाकाभोवती फिरवा, एका दिशेने दोन-तीन वेळा आणि उलट्या दिशेने तितक्याच. दांडा फिरतो तसा ताण वाटला जातो. रबर गोंदाने लावायचं असेल तर हे दांडा फिरवणं आधी कोरडं करा, मग एका वेळी थोडा भाग उचलून दोन्हीकडे फेविकॉल एसआर 998 सारखा रबराचा गोंद लावा, तो हाताला चिकटेनासा झाला की दाबा. फेविक्विक नको, तो वाळून ठिसूळ होतो आणि रबराबरोबर ताणला जात नाही.

आता तपासणी. चाक परत बसवा, पट्टा न चढवता हाताने फिरवा आणि टायरजवळ एक पेन्सिल पक्की टेकवून धरा. पेन्सिल आणि टायर यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एखादी जागा उंच निघाली तर तिथे टायरवर आणि चाकावर समोरासमोर खडूच्या खुणा करा, मग टायर अर्धा फेरा सरकवून परत बघा. उंच जागा टायरवरच्या खुणेबरोबर गेली तर दोष टायरचा किंवा ताणाचा. चाकावरच्या खुणेपाशीच राहिली तर चाक वाकडं आहे किंवा बेअरिंग गेलंय, आणि मग नवा टायर आणून उपयोग नाही, चाक टर्नरकडे न्या. चिकटवलेल्या टायरवर ही परीक्षा करता येत नाही, म्हणून गोंद लावण्याआधीच करून घ्या. खालचा टायरही याच वेळी बदला. भुसा सगळा खाली पडतो, त्यामुळे वरच्याचं आयुष्य संपलं तेव्हा खालचा बहुधा आधीच थकलेला असतो.

देखभालीत एक सवय बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे: दिवसाचं काम संपलं की पट्ट्याचा ताण सैल करा. ताणलेला पट्टा रात्रभर एकाच जागी रबर दाबत राहतो आणि तिथे खळगा पडतो. शेजारून जाणाऱ्यांसाठी मशीनवर ‘ताण सैल आहे’ अशी पाटी लावा, म्हणजे सकाळी कोणी तसंच चालू करणार नाही. खालच्या चाकाला टेकेल असा कडक नायलॉनचा ब्रश आत बसवून घ्या, तारेचा नाही. टायरवर राळेचा थर चढला तर हाताने चाक फिरवत 120 नंबरचा पॉलिश पेपर हलका लावा. रॉकेल किंवा डिझेल रबराच्या टायरवर लावू नका, रबर फुगतं आणि मऊ पडून सुटतं. पट्ट्यावर रॉकेल शिंपडून लाकूड फाडायची पद्धत आरागिरणीत चालते, कारण तिथल्या मोठ्या चाकांवर रबर नसतंच.

अधूनमधून रबरात नख रुतवून बघा. नख रुतून खूण परत भरली तर रबर जिवंत आहे, कितीही मळकं दिसलं तरी. नख रुतलंच नाही, किंवा बारीक भेगा उघडल्या, तर नवा मागवा.

चाकाचा उघड्या धातूवरचा व्यास, काठाची रुंदी आणि फूटपट्टीखाली फट दिसते की नाही, एवढं इथे खाली लिहा. मग तुमच्या चाकाला नेमकं काय घ्यायचं ते सांगतो.