पीएलसी, कपलर, मॉडबस, रजिस्टर: एक सिग्नल धरला की सगळं समजतं

तू विचारलंयस की डिप्लोमा झालाय, पुढच्या महिन्यात ऑटोमेशनमध्ये जॉईन होतोयस, पण पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), रिमोट आय/ओ, मॉडबस, रजिस्टर या शब्दांनी डोकं गरगरतंय, आणि कपलर म्हणजे छोटा पीएलसीच का. वयाने लहान असशील म्हणून अरे-तुरे करतोय. मी चाकणला मेंटेनन्समध्ये १४ वर्षं काढलीत, तिथे जसं समजलं तसं सांगतो.

व्याख्या पाठ करत बसू नकोस, त्यापेक्षा एक सिग्नल धर आणि तो कुठून कुठे जातो ते बघ. समज हवेच्या लाईनवर ० ते १० बारचा प्रेशर ट्रान्समीटर आहे. तो प्रेशरच्या हिशोबात ४ ते २० मिलिअँपिअर करंट देतो. शून्यापासून सुरू न करता ४ पासून का, तर वायर तुटली की करंट शून्य होतो आणि लगेच कळतं की प्रेशर गेलेलं नाही, वायर गेलीये. मला आजही ही आयडिया फार आवडते. तर ५ बारला १२ मिलिअँपिअर, ते जातं अ‍ॅनालॉग इनपुट मॉड्यूलला, आणि मॉड्यूल त्याचा आकडा बनवतं. सीमेन्सच्या मॉड्यूलमध्ये पूर्ण रेंज ० ते २७६४८ असते, म्हणजे तुला १३८२४ दिसेल, घाबरायचं नाही, त्याला परत ५ बार करायचं यालाच स्केलिंग म्हणतात. लिमिट स्विच, पुश बटण असले फक्त चालू-बंद सांगणारे डिजिटल इनपुटला जातात, बहुतेक ठिकाणी २४ व्होल्ट डीसीवर.

आता मशीन पॅनलपासून १५० मीटर लांब असेल आणि तिथे असे ४० सिग्नल असतील तर ४० वायरी ओढत आणणार का? म्हणून मशीनजवळच एक बॉक्स लावतात, त्यात डिन रेलवर (मॉड्यूल अडकवायची धातूची पट्टी) मॉड्यूल्स शेजारी शेजारी बसवतात, पुढे त्यांना केबलशी जोडणारा कपलर असतो, आणि तिथून पीएलसीपर्यंत एकच कम्युनिकेशन केबल. हा झाला रिमोट आय/ओ. साधा कपलर फक्त आकडे नेतो-आणतो, ठरवत काहीच नाही. ठरवतो पीएलसी, इनपुट वाचायचे, प्रोग्रॅम वरून खाली चालवायचा, आउटपुट लिहायचे, परत पहिल्यापासून, आणि ही एक फेरी म्हणजे स्कॅन, सहसा काही मिलिसेकंदांची.

लॅडर, म्हणजे पीएलसीचा शिडीसारखा काढलेला प्रोग्रॅम, रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) ड्रॉइंगसारखा का दिसतो याचंही कारण आहे. १९६८ साली जनरल मोटर्सला रिलेचे पॅनल नको झाले होते, कारण मॉडेल बदललं की सगळं वायरिंग परत करावं लागायचं. त्यातून मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी आला, आणि रिले वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनलाच तो वाचता यावा म्हणून प्रोग्रॅमही तसाच ठेवला. याच मॉडिकॉनने १९७९ मध्ये मॉडबस काढलं, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत.

मॉडबस आरटीयू, म्हणजे सिरियल केबलवरचं मॉडबस, बहुतेक वेळा आरएस-४८५ च्या दोन वायरवर चालतं. मास्टर एकच, तो विचारतो, स्लेव्ह उत्तर देतात, न विचारता कुणी बोलत नाही. प्रत्येक स्लेव्हला १ ते २४७ मधला अ‍ॅड्रेस, आणि दोघांना एकच दिला की दोघं एकदम उत्तर देतात आणि मास्टरला काहीच कळत नाही. रजिस्टर म्हणजे १६ बिटचा एक कप्पा. मॅन्युअलमध्ये ४००११ लिहिलेलं असतं पण केबलवरच्या मेसेजमध्ये तो १० नंबर जातो, कारण पहिला ४ फक्त रजिस्टरचा प्रकार सांगतो आणि मोजणी शून्यापासून होते, या एका आकड्याच्या फरकाने मी एक अख्खा दिवस घालवलाय.

आणि केबलकडे नीट बघ रे. एका प्लांटमध्ये मोठी मोटर सुरू झाली की रिमोट आय/ओचं कम्युनिकेशन जायचं. आम्ही दोनदा मॉड्यूल बदललं, रात्री जागलो, शेवटी बघतो तर ४८५ ची केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राईव्हच्या) मोटर केबललाच बांधून एका ट्रेमधून आणलेली, आणि १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर (टोकाला सिग्नल उलटून परत येऊ नये म्हणून लावतात तो) एकाच टोकाला. ट्रे वेगळा केला, दोन्ही टोकांना रेझिस्टर लावले, त्यानंतर त्रास नाही.

जॉईन झाल्यावर सिनियरला एक प्रश्न नक्की विचार: कम्युनिकेशन तुटलं की या मॉड्यूलचे आउटपुट काय करतात? काही ठिकाणी सगळे बंद होतात, काही ठिकाणी शेवटच्या स्थितीत राहतात, जसं सेटिंग असेल तसं. म्हणजे सिलिंडर पुढे जात असताना केबल निघाली तर तो थांबणार का तसाच जात राहणार हे त्या सेटिंगवर आहे, आणि तिथे कुणाचा तरी हात असू शकतो. साध्या मॉडबसवर इमर्जन्सी स्टॉपची भिस्त कधीच ठेवायची नाही, त्याची वायर वेगळी, एनसी (एरवी जोडलेल्या, बटण दाबलं की तुटणाऱ्या) कॉन्टॅक्टमधून, मशीन सुरक्षितपणे बंद करणाऱ्या सेफ्टी रिलेपर्यंत. पॅनल उघडशील तेव्हा आधी तीच शोध.