देखण्या गाड्या आणि त्यांची दुखणी
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

जुन्या-नव्या देखण्या स्पोर्ट्स कारबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : जॅग्वार ई-टाइप ही जगातली सर्वांत सुंदर गाडी, असं जो तो म्हणतो. हे नुसतं कौतुक, की त्यात बोट ठेवून दाखवता येण्यासारखं काही आहे? आणि तीन सिरीजपैकी नेमकी कोणती सुंदर? (पुणे)

बोट ठेवण्यासारखं भरपूर आहे. माल्कम सेयर हा विमान कंपनीतून जॅग्वारमध्ये आलेला माणूस. बॉडीच्या वक्ररेषा तो गणिताने काढायचा. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात गाडी दिसली तेव्हा लोकांना आधी दिसलं ते तिचं नाक. ते लांब आहे कारण आत एकामागे एक सहा सिलिंडरचं ३.८ लिटरचं इंजिन आहे आणि ते पुढच्या चाकांच्या बरंच मागे सरकवलेलं आहे. त्यामुळे पुढचं चाक आणि दार यांच्यात मोठं अंतर पडतं आणि माणसं जवळपास मागच्या चाकांवर बसतात. इंजिन उंच, नाक मात्र बसकं हवं, म्हणून बॉनेटच्या मधोमध तो फुगवटा आला. सजावटीसाठी तो काढलेला नाही.

सिरीजचं म्हणाल तर १९६१ ते १९६७ मधली, हेडलाइटवर काचेचं झाकण असलेली दोन सीटची कूपे, म्हणजे बंद छपराची. आमचं मत ठाम आहे; रोडस्टरवाल्यांनी (उघड्या छपराच्या चाहत्यांनी) रागावू नये. १९६६ ची टू-प्लस-टू (मागे दोन छोट्या सीट असलेली) चाकांच्या अंतरात २२९ मिलिमीटरने वाढली, छप्पर उंच झालं आणि पाठीचा उतार बिघडला. १९६८ च्या सिरीज २ मध्ये अमेरिकी नियमांपायी दिवे उघडे पडले, बंपर जाड झाले, मागचे दिवे बंपरखाली गेले. मात्र हवा घेणारं तोंड मोठं झाल्यामुळे तीच सिरीज कमी तापते. १९७१ च्या सिरीज ३ मध्ये ५.३ लिटरचं व्ही-१२ आलं, आणि दोन सीटची कूपे बंदच झाली.

घेताना बॉनेट आधी बघा. ती अनेक तुकडे जोडून केलेली असते आणि बदलायची तर खर्च डोळे पांढरे करणारा. दारालगतची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे बोट फिरवून तपासा. इंजिन ज्या नळ्यांच्या चौकटीवर बसतं त्या नळ्या आतून गंजतात. वाकलेली किंवा तडकलेली चौकट ठोकून सरळ करत नाहीत, बदलतात.

प्रश्न : माझ्याकडे १९६५ ची ४.२ ई-टाइप आहे. रहदारीत थांबलं की तापमानाचा काटा चढतो. शिवाय मागचे ब्रेक एकसारखे धरत नाहीत आणि हँडब्रेक नावापुरताच उरलाय. गॅरेजवाले नवा रेडिएटर सुचवतात. घालू का? (कॉव्हेंट्री)

लगेच नको. आधी थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून हातात घ्या. या इंजिनाला खाली सरकती बाही असलेला थर्मोस्टॅट लागतो. तो उघडला की बाही बायपासचं भोक झाकते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. दुकानात मिळणाऱ्या साध्या थर्मोस्टॅटला ही बाही नसते. तो बसतो बरोबर, उघडतोही, पण बायपास उघडाच राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न शिवता पुन्हा इंजिनात फिरतं. अशा गाडीत नवा रेडिएटर घातला तरी काटा तिथेच.

मग पंखा. गाडी गरम असताना, चावी ऑन ठेवून, हेडर टँकवरच्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडा. पंखा जोरात फिरला तर स्विच गेलाय. रेंगाळत फिरला तर मोटर म्हातारी झाली आहे किंवा अर्थिंग खराब आहे. अर्थिंगचं टोक घासून पुन्हा आवळा, मगच मोटरला दोष द्या. इग्निशनचं टायमिंगही बघून घ्या. ते मागे पडलेलं असलं तरी इंजिन उगाच तापतं.

तिसरं, ब्लॉकमधला गाळ. लोखंडी ब्लॉकच्या आतला गंज बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला, मागच्या सिलिंडरभोवती साचतो. (जॅग्वारच्या मोजणीत तोच एक नंबरचा; इथे मोजणी मागून सुरू होते. टायमिंग लावताना नवखा मेस्त्री नेमका इथे फसतो.) पाणी गरम असताना नुसतं सोडून दिलं तर हा गाळ निघत नाही. ड्रेन टॅप आणि बाजूचे कोअर प्लग काढा, तारेने खरवडा आणि उलट दिशेने पाण्याचा फवारा मारा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे नुसतं पाणी भरू नका. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि गाडीचं नाक वर करा, म्हणजे हवा अडकत नाही. एवढं करूनही तापली तर रेडिएटरचा विचार करा.

आता ब्रेक. मागच्या डिस्क चाकात नाहीत, डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) चिकटून आत आहेत. चाकाचं वजन कमी राहतं म्हणून गाडी रस्त्यावर छान बसते. पण डिस्कची उष्णता शेजारच्या ऑइल सीलला कडक करते. सील गळतं, तेल डिस्कवर येतं, पॅड भिजतात आणि एक बाजू धरत नाही. आधी फुकटचं काम करा : डिफरन्शियलचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं भोक) तुंबला आहे का ते बघा. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं.

सील बदलायचे तर मागची पूर्ण चौकट खाली उतरवावी लागते. गाडीच्या बॉडीला, रेडियस आर्मच्या पुढे, भक्कम स्टँड लावा. प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचा लवचीक होस, हँडब्रेकची केबल, रेडियस आर्म आणि अँटी-रोल बारच्या जोडण्या सुट्या करा. मग रबरी माउंटिंग सोडून चौकट ट्रॉली-जॅकवर उतरवा. ती जड आहे, एकट्याचं काम नव्हे. एकदा उतरवलीच आहे तर दोन्ही बाजूंचे सील, पॅड, रबरी माउंटिंग आणि होस सगळं बदला. एक सील वाचवून पुढच्या वर्षी पुन्हा चौकट उतरवणं मूर्खपणाचं. तेलाने भिजलेले पॅड पेट्रोलने धुऊन परत लावू नका, टाका.

हँडब्रेकचे पॅड वेगळे असतात आणि ते आपोआप जवळ येण्याची यंत्रणा आत असते. हँडब्रेक वापरलाच नाही तर ती गंजून जाम होते. सोडवून साफ करा, ग्रीस लावा आणि पुढे रोज हँडब्रेक ओढायची सवय ठेवा. डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप असेल तर त्याला चालणारंच ९० नंबरचं तेल भरा.

प्रश्न : लॅम्बोर्गिनी मिउरा आग लागणारी गाडी म्हणून का ओळखली जाते? डिझाइनचा दोष आहे का? (सांगली)

काही अंशी, हो. १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात नुसती चेसिस मांडली होती आणि पुढच्या मार्चमध्ये जिनिव्हाला बॉडी चढली. बर्टोने या डिझाइन कंपनीच्या मार्चेलो गांदिनीने ती काढली तेव्हा तो २७ वर्षांचा होता. चार लिटरला थोडं कमी असं व्ही-१२ इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलंय. म्हणून गाडी एवढी आखूड आणि बुटकी राहिली. पण त्या चिंचोळ्या जागेत तीन-तीन नळ्यांचे चार वेबर कार्बोरेटर थेट गरम इंजिनाच्या डोक्यावर आले. कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह झिजला किंवा त्याला बंद करणारा फ्लोट जरा वर लागला की पेट्रोल ओसंडतं आणि खाली गरम धातूवर, इग्निशनच्या तारांजवळ ठिबकतं. त्यात कार्बोरेटरमधून एक उलटा भडका आला की संपलं. पेट्रोलचा पंप इलेक्ट्रिक आहे, म्हणजे चावी ऑन असेपर्यंत तो पेट्रोल ढकलतच राहतो.

जाणकार मालक रबरी होस ठरावीक काळाने, चांगले दिसत असले तरी, बदलतात. फ्लोटची पातळी मोजून घेतात, सहज हात पोचेल असा पंपाचा कट-ऑफ स्विच आणि अग्निशामक बसवतात. उभ्या गाडीत लोकांना आवाज ऐकवण्यासाठी अॅक्सिलरेटर मारत बसणं तर त्यांना मंजूरच नसतं.

आणखी दोन गोष्टी त्याच मांडणीतून आल्या. गिअरबॉक्स आणि इंजिन यांचं तेल एकच, त्यामुळे गिअरचा चुरा इंजिनात जायचा. नंतरच्या काही एसव्ही (मिउराची शेवटची आवृत्ती) गाड्यांत ही तेलं वेगळी केली. पेट्रोलची टाकी पुढे आहे. ती रिकामी होत गेली की नाक हलकं होतं आणि मोठ्या वेगात पुढचा भाग तरंगल्यासारखा वाटतो. हेडलाइट मात्र साध्या फियाट ८५० स्पायडरचे. भोवतीच्या त्या काळ्या ‘पापण्यां’नी त्यांचं सोनं केलं.

प्रश्न : मर्सिडीज ३०० एसएलची दारं पंखांसारखी वर का उघडतात? (नागपूर)

खाली दाराला जागाच नव्हती म्हणून. १९५४ च्या या गाडीची चेसिस बारीक नळ्यांच्या त्रिकोणी जाळीची आहे आणि ती दोन्ही बाजूंनी कमरेएवढी वर येते. तो उंबरठा ओलांडून आत जायला स्टिअरिंग व्हील खाली पाडता येतं. काचा खाली होत नाहीत, काढून ठेवाव्या लागतात. मुंबईच्या मे महिन्यात त्या कॅबिनची कल्पना करा. अशा कूपे फक्त १,४०० बनल्या. मेस्त्रीने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. इंजेक्शन पंप यांत्रिक असल्यामुळे इग्निशन बंद केल्यावरही इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं, भिंती धुऊन तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. म्हणून या गाडीचं तेल गाडी कमी चाललेली असली तरी लवकर बदलायचं. डिपस्टिक हुंगून पाहा. पेट्रोलचा वास आला की वेळ झाली.

प्रश्न : हल्लीच्या स्पोर्ट्स कार तितक्या सुंदर का वाटत नाहीत? (ठाणे)

नियम हे एक कारण. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली कडक इंजिन लागू नये म्हणून बॉनेट आणि इंजिन यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणजे नाक उंच. वर उचलले जाणारे हेडलाइट २००४ नंतर मोठ्या उत्पादनातून गेलेच. दुसरं कारण जाडी. ई-टाइप साधारण सव्वाबाराशे किलोची आणि १५ इंची चाकांची. आता त्याच जागी २० इंची चाकं लागतात आणि तरी बॉडी जाडच दिसते.

तरी सगळंच बिघडलंय असं नाही. २०१७ ची अल्पीन ए-११० अॅल्युमिनियमची आहे, वजन सुमारे ११०० किलो, आणि कुठेही सुजलेली दिसत नाही. फेरारी रोमाही तशीच, रेषा कमी ठेवल्यामुळे निभावून गेलेली. इलेक्ट्रिक गाड्यांत पिनिनफरिना बटिस्टा बघा. (पिनिनफरिनाची मालकी २०१५ पासून आपल्या मुंबईच्या महिंद्राकडे आणि जॅग्वारची २००८ पासून टाटांकडे आहे, दोन देखणी घराणी एकाच शहरात नांदताहेत.) १,९०० हॉर्सपॉवरच्या या गाडीची १२० किलोवॅट-अवरची बॅटरी टी आकारात सीटमागे आणि मधल्या बोगद्यात ठेवली आहे. ती सपाट जमिनीखाली टाकली असती तर माणसं उंच बसली असती आणि गाडी एसयूव्हीसारखी दिसली असती.

प्रश्न : पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळा नंबर मिळतो म्हणतात. खरं का? (पणजी)

हो, २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असावीत आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीत राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवायला अशी गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

प्रश्न : माझी १९७२ ची एमजीबी ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) सुरू झाल्यापासून खोकते. गरम झाल्यावर बंद पडते. काय करू? (कोल्हापूर)

उसाच्या जिल्ह्यातून हा प्रश्न यावा हे योग्यच. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. तुमचे एसयू कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलवर लावलेले असल्याने मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालंय.

दोन्ही कार्बोरेटरचा डँपर काढून २० नंबरचं तेल भरा. इंजिन गरम करा आणि आधी दोन्हींची हवा सारखी लावा. मग खालचा जेटचा षट्कोनी नट एका वेळी एकच कड खाली फिरवा, दोन्हींना सारखाच. खाली म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). मग पिनने पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलून पाहा. आवाज किंचित वाढून स्थिरावला तर बरोबर, वाढलेलाच राहिला तर जास्त रिच, इंजिन बंद पडायला लागलं तर अजून लीन. आयडलला जमलं पण चढावर दम लागतो, असं झालं तर निडलच एक पायरी रिच घालावी लागेल.

जुने रबरी होस इथेनॉलने फुगतात आणि आतून सुटतात. ‘एसएई जे३० आर९’ छापलेले होस घ्या, व्हिटनच्या टोकाचे निडल व्हॉल्व्ह घाला. टाकीत कधी सीलंट ओतलं असेल तर ते सालपटासारखं निघून फिल्टरमध्ये येतं. इथेनॉल जुना गाळही सैल करतं, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत फिल्टर सारखा बघा. गरम झाल्यावर बंद पडणं हे बहुधा पेट्रोलची वाफ होऊन अडल्याने. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधले इन्सुलेटर ब्लॉक आणि हीट शील्ड जागेवर आहेत का पाहा. मागच्या मालकांनी ते बरेचदा फेकलेले असतात.

हेड लोखंडी आहे आणि पेट्रोलमध्ये शिसं नाही, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट अधूनमधून मोजा. थंड इंजिनावर ती ०.०१५ इंच हवी. पुन्हापुन्हा कमी होत असेल तर व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट खचतेय. हेड काढून कडक सीट बसवून घ्या.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धवट टाकीतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं, ते तळाशी वेगळं होतं आणि पंप नेमकं तेच पहिल्यांदा उचलतो. फ्लोट बाउलमधलं पेट्रोलही काढून टाका.