प्लुरॅलिझम म्हणजे नक्की काय? तत्त्वज्ञानात एक अर्थ, राज्यशास्त्रात दुसरा असं का?

मूळ कल्पना एकच, ‘एकच एक’ नाकारणं. पण कोणतं ‘एक’ नाकारायचं, ते प्रत्येक विषयात बदलतं. नाशिकला राज्यशास्त्र शिकवताना हा घोळ दरवर्षी निस्तरावा लागतो, कारण मराठीत प्रतिशब्दही वेगवेगळे आहेत.

– तत्त्वज्ञानात अनेकतत्त्ववाद: विश्वाच्या मुळाशी एकच तत्त्व नाही. वैशेषिक दर्शन असंच मानतं, अद्वैत वेदान्त नेमकं उलट.
– राज्यशास्त्रात बहुसत्तावाद: सगळी सत्ता एकट्या राज्यसंस्थेची नाही. ब्रिटिश राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्कींच्या मते कामगार संघटना, चर्च यांनाही स्वतःचा अधिकार असतो. परीक्षेत मुलं इथे ‘विविधतेत एकता’ लिहून येतात!
– धर्माबाबत: अनेक पंथांना मान. आपल्या नाशिकच्या पांडवलेणीतल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ब्राह्मणांना दिलेली दानं आणि बौद्ध भिक्षूंसाठी कोरवलेलं लेणं, दोन्ही नोंदवलेली आहेत. अर्थात, शब्द आजचा, दान सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचं. त्याला प्लुरॅलिस्ट म्हणणं ही आपली सोय.

मात्र नुसती विविधता म्हणजे प्लुरॅलिझम नव्हे. गोदाघाटावर दहा भाषा कानावर पडतात ती विविधता. त्या दहाही टिकाव्यात असं मानणं हा प्लुरॅलिझम.