सरडे, साप, मगरी उन्हात का पडून राहतात?

अंग तापवायला. आपण भाकरी खाऊन आतून ऊब तयार करतो. सरपटणाऱ्यांकडे ती सोय जवळजवळ नाही, मग ऊब बाहेरून घ्यावी लागते. गार अंगाने ना धड पळता येतं, ना खाल्लेलं पचतं. पुरेशी ऊब मिळाली नाही तर साप गिळलेला उंदीर ओकूनही टाकतो.

सकाळी कुंपणावरचा सरडा नीट बघा. अंग चपटं करून उन्हाला आडवा बसतो, रंगही गडद करतो, म्हणजे ऊन जास्त शोषलं जातं. तापला की रंग फिका आणि स्वारी सावलीत.

हिवाळ्यात सांगलीजवळ कृष्णाकाठी मगरी तासन्‌तास पडलेल्या दिसतात, त्या याचसाठी. जबडा आ वासलेला असतो तो बहुधा डोकं फार तापू नये म्हणून. (तरी जवळ जाऊ नका. तापलेली मगर सुस्त नसते, चपळ असते!)

आतली भट्टी सतत पेटती ठेवायची नसल्याने यांना खाणंही कमी लागतं. अजगर एका मोठ्या शिकारीवर कित्येक आठवडे काढतो.

शिवाय उन्हातून अनेकांना ड जीवनसत्त्व मिळतं. घरात अंधाऱ्या टबात ठेवलेल्या कासवाची पाठ मऊ पडते, ती बऱ्याचदा त्याच्याच अभावी.