“मी तर गॅलरीत जाऊन ओढतो”

“घरात एकदाही सिगारेट ओढत नाही. गॅलरीत जातो, दार लावून घेतो. मग बाळाला त्रास कशाचा?” दोन वर्षांच्या मुलाचे वडील समुपदेशनात मला विचारत होते. मुलाची छाती सारखी भरायची, घरघर व्हायची. डॉक्टरांनी धुराचा विषय काढल्यापासून नवरा-बायकोत अबोला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

असं विचारणारे आईबाप मला बेफिकीर वाटत नाहीत. दार लावून घेणं हीसुद्धा काळजीच आहे. पण ती पुरत नाही.

“सिगारेट संपल्यावर आधी काय करता?”

“आत येतो. तो धावत येतो, मी उचलून...” आणि ते थांबले.

तंबाखूच्या धुरात ७,०००हून जास्त रसायनं असतात, त्यांतली सत्तरएक कर्करोगाला कारण ठरणारी. धूर फटीतून आत शिरतो. शर्टाला, केसांना, सोफ्याला चिकटून राहतो. सिगारेट विझल्यावरही काही वेळ श्वासातून बाहेर पडत असतो. लहान मूल आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतं, जमिनीवर खेळतं, तेच हात तोंडात घालतं. धुरात वाढणाऱ्या मुलांना कानाचा संसर्ग, छातीचे आजार, दम्याचे झटके जास्त होतात.

“म्हणजे मीच त्याला आजारी पाडलं?” त्यांचे डोळे भरले. घरघरीची कारणं अनेक असतात, सगळा दोष धुराचा असं कुणीच सांगू शकत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. अपराधी वाटून तलफ जात नाही. उलट माणूस लपून ओढायला लागतो, आणि लपवलेल्या गोष्टीवर मला काम करता येत नाही.

उठल्यावर दहा मिनिटांत त्यांची पहिली सिगारेट पेटायची. हे निकोटीनचं घट्ट व्यसन. मन कमकुवत असल्याचा पुरावा नव्हे. याआधी तीनदा सोडली होती, तिन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटवली. पहिले दोन-तीन दिवसच सर्वांत कठीण असतात, पुढच्या काही आठवड्यांत त्रास उतरत जातो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जन्मभर असंच तडफडायचं, अशी त्यांची समजूत होती. सिगारेट सोडताना तलफ शमवायला घेतात ते निकोटीनचं च्युइंगगमही साध्या गमसारखं भराभर चघळल्यामुळे मळमळलं आणि त्यांनी ते बंद केलं. ते थोडं चावून, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं असतं. किती ताकदीचं घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारायला सांगितलं. सिगारेट सुटेपर्यंत घरापासून लांब ओढणं, गाडीत अजिबात नाही, परतल्यावर हात-तोंड धुणं आणि शर्ट बदलणं. ही तात्पुरती सोय आहे, हेही बजावलं.

पत्नीला एकच विनंती केली: शर्टाचा वास घेऊन तपासणी करू नका.

अकराव्या दिवशी एक सिगारेट ओढली गेली. फोनवर सांगताना त्यांचा आवाज पडलेला होता. पत्नीला कळलंय का, मी विचारलं.

“हो. तिलाच आधी सांगितलं.”